एक दिवस आधी उघडलेली पेटी

१

किटली लागणार होती शुक्रवारी. चिहारूने पेटी उघडली गुरुवारी सकाळी, दहाच्या सुमाराला.

तसं काही अडलं नव्हतं. उद्या येणाऱ्या पाहुणीच्या तयारीची यादी तिच्या हातात होती. बाकी सगळी कामं झाली होती, आणि यादीत एक जरी ओळ खुणेवाचून राहिली तरी तिला चैन पडत नसे. प्रयोगशाळेत लागलेली सवय. रसायनशास्त्राची पदवी घेऊन, लग्न करून, ती मिनेकावात सून म्हणून आली त्याला दोन वर्षं झाली होती. सवय काही सुटली नव्हती.

दोरीची गाठ नेहमीसारखी होती, डावा फास उजव्याच्या किंचित वर. अशी गाठ या घरात फक्त इथल्या सर्वांत जुन्या सेविका तोकिए-सान बांधत. चिहारूने गाठ सोडली, झाकण उचललं, आत घडी घातलेलं पिवळं फडकं दिसलं. फडक्याखाली काही नव्हतं.

तिने पेटी उलटी करून पाहिली, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. चांदीची किटली काही पेटीच्या तळाला चिकटून बसत नाही.

मिनेकावा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं सात खोल्यांचं हॉटेल. खाली गंधकाचा झरा, दुधासारखं पांढरं पाणी. त्या वाफेपायी गावात कुणाकडे चांदी टिकत नाही, आठवड्यात शिसपेन्सिलीसारखी होते. चिहारूची लग्नातली केसात खोवायची चांदीची काडी पहिल्याच आठवड्यात काळी पडली होती. अशा गावात मिनेकावाची किटली चार पिढ्या चकचकीत राहिली, हा या घराचा मान. वापरली की लगेच पुसायची, गुंडाळायची, पेटीत घालायची आणि वरच्या अंगाच्या मातीच्या कोठारात ठेवायची. गेली त्रेचाळीस वर्षं हे काम तोकिए-सान करत होत्या. कोठाराची किल्ली त्यांच्याच कमरपट्ट्यात असे. आजही कोठार त्यांनीच उघडून दिलं होतं.

त्या आल्या, पेटीसमोर गुडघे टेकून बसल्या. फडकं हातात घेतलं, परत घडी घातली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त घडी घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"सोमवारी नागुमो-सानना दाखवली, तेव्हा तुम्ही होतात सूनबाई."

"होते. तुम्ही पेटीत ठेवलीत, गाठ मारलीत, कुलूप लावलंत. मी पाहिलं."

"कुलूप फुटलंय?"

"नाही."

"किल्ली माझ्याकडे आहे." तोकिए-सान पेटीकडे बघत म्हणाल्या. "म्हणजे माझ्या हातून गेली. उद्या ओरिहारा-सान येतायत. त्या जाईपर्यंत मी आहे. तोवर चोर सापडला तर ठीक, नाहीतर मी बहिणीकडे हिरोसाकीला जाते. तिची सफरचंदांची बाग आहे. सफरचंदं सोलता येतात मला."

"असं काय बोलता! तुमची काय चूक?"

"तेच तर कळत नाहीये ना," त्या म्हणाल्या.

चिहारू या घरात आली तेव्हा तिला सरकतं दारसुद्धा नीट लावता येत नव्हतं. सासूबाई कधी रागावल्या नाहीत आणि कधी शिकवलंही नाही. दोन्ही तोकिए-साननी केलं. पाहुण्याच्या चपला कधी वळवायच्या, डावखुऱ्या पाहुण्याला न विचारता जेवायच्या काड्या उलट्या बाजूने कशा मांडायच्या, रडून आलेल्या पाहुण्याकडे न बघता चहा कसा ओतायचा. त्या गेल्या असत्या तर या घरात नवऱ्याखेरीज चिहारूचं माणूस उरलं नसतं.

सासूबाईंनी, म्हणजे मालकीण फुमिनोंनी, सगळं ऐकून घेतलं. "आज कुणी कुणाला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसांचं उद्या सकाळी बघू."

विचारायचं नाही, हे चिहारूने ऐकलं. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, एवढंच तिने लक्षात ठेवलं.

२

नागुमो-सान क्योतोचे, जुन्या वस्तूंचे व्यापारी. रविवारपासून वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होते. सोमवारी त्यांनी किटली हातात घेतली तेव्हा लहान मुलाला मांजराचं पिल्लू मिळावं तसे त्यांचे डोळे झाले होते. चिहारू चहा घेऊन गेली. किटली पुन्हा बघायला आवडेल का, असं काहीतरी विचारायचं तिने ठरवलं होतं. तिला तोंडच उघडावं लागलं नाही.

"काय हरवलंय?" नागुमो-साननी विचारलं.

"हरवलंय? छे."

"सकाळपासून मला तीनदा चहा आला, आणि तिन्ही वेळा माणूस वेगळं. या हॉटेलात असं होत नाही. किटली का?"

चिहारूने पेला पुढे सरकवला. ते मान डोलावत हसले.

"आणि चोर मी! बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर मलाही मीच वाटलो असतो. बरं, पेटी आहे की तीही गेली?"

"पेटी आहे."

"मग मी नाही. वाईट वाटतं सांगायला, पण मी नाही." त्यांनी झग्याच्या बाह्या सावरल्या. "पेटीच्या झाकणावर आतून कारागिराची सही आणि शिक्का आहे. पेटी नसलेली किटली म्हणजे आईबाप नसलेलं पोर. कुठून आली, कुणी केली, कोण सांगणार? माझ्या धंद्यातला अगदी गाढवसुद्धा आधी पेटी उचलेल. जो कुणी पेटी ठेवून किटली घेऊन गेला, त्याला ती विकायची नव्हती."

"मग कशाला हवी होती?"

"किटली कशाला लागते? पाणी तापवायला!" ते स्वतःच्या विनोदावर खूष झाले. मग थांबून म्हणाले, "एक विचारू? तुमच्या त्या खालच्या जुन्या इमारतीत पाहुणे उतरतात का अजून?"

"नाही. बारा वर्षं बंद आहे. झऱ्याच्या अगदी तोंडाशी आहे ना, वाफेने लाकूड खराब होतं."

"मग मंगळवारी दुपारी तिच्या दारापुढचे दगड ओले कसे? मी फिरायला गेलो होतो. पाऊस तर आठवडाभर नाही."

पाहुणा यायच्या आधी दारापुढे पाणी शिंपडतात. पाणी शिंपडलेलं दार म्हणजे, या, आम्ही तुमची वाट बघतोय. बंद इमारतीपुढे हे कुणी करेल?

३

जुन्या इमारतीकडे जायची वाट मोहेइच्या खोपटावरून जाते. मोहेइ कुंडांचा माणूस. झऱ्याचे नळ साफ करणं, पाण्याची ऊब राखणं, बागेतला पालापाचोळा उचलणं ही त्याची कामं. वय सत्तरीपुढचं, पण जिभेचं वय झालेलं नव्हतं.

"या सूनबाई! वाफ मोजायला आलात?"

"मोहेइ-सान, सोमवारनंतर कोठाराजवळ कुणी दिसलं होतं का?"

"दिसलं की." तो झाडू टेकवून उभा राहिला. "एक अनोळखी माणूस. राखाडी रेनकोट घातलेला. बुधवारी सकाळी."

"रेनकोट? या आठवड्यात थेंब पडला नाही."

"चोर सावध असतात," मोहेइ म्हणाला, आणि घाईघाईने झाडायला लागला.

चिहारूची नजर त्याच्या पाल्याच्या टोपलीवर गेली. वरच चार जांभळी गेंतियानाची फुलं पडलेली होती. देठ तिरपे कापलेले, एक लांब, दोन मध्यम, एक आखूड. हे बागेतून उपटलेलं नव्हतं, खोलीतल्या कोनाड्यात मांडलेलं होतं. सातही खोल्यांची फुलं चिहारू स्वतः मांडायची. या आठवड्यात तिने सगळीकडे शेवंती लावली होती.

म्हणजे आठवी खोली होती कुठेतरी.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. सेइगो, आचारी, हाताच्या घड्या घालून एका मोठ्या झाकलेल्या भांड्यापुढे उभा होता.

"अनोळखी माणूस? हो, पाहिला ना मी," त्याने तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं. "रेनकोटवाला. राखाडी. मंगळवारी संध्याकाळी."

"मोहेइ-सान म्हणाले बुधवारी सकाळी."

सेइगोने क्षणभर डोळे मिटले. "तो म्हातारा झालाय."

"खिडकी का उघडी आहे? वारा लागून तुमचं सार निवेल."

"गरम होतंय."

ऑक्टोबर संपत आला होता. बाहेर श्वासाची वाफ दिसत होती. आणि तेवढ्यात चिहारूला वास आला. अगदी बारीक, नासलेल्या अंड्याचा. खाली कुंडांपाशी हा वास सदाचाच, तिथे तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण स्वयंपाकघर मुद्दाम वरच्या अंगाला बांधलेलं. इथे सेइगो सुगंधी साबण लावून आलेल्या माणसाला उभं करत नसे. पहिल्या वर्षी त्याने चिहारूला दारातूनच परत पाठवलं होतं, "आधी तो गुलाबाचा बगीचा धुऊन या" म्हणून. मोहेइला तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. आणि दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, मोहेइच्या रबरी बुटांचे ओले ठसे होते.

ती तडक जुन्या इमारतीत गेली.

सगळीकडे बारा वर्षांची धूळ होती. फक्त एका खोलीत नव्हती. चटया पुसलेल्या, कोनाडा रिकामा पण स्वच्छ, शेगडीत ताजी राख. दारावरची पाटी वाफेने काळवंडली होती, तरी वाचता आली. जुन्या नोंदवहीप्रमाणे ओरिहारा-सान पूर्वी, दरवर्षी, याच खोलीत उतरत.

चिहारू चटईवर बसली आणि मनात एकेक तुकडा जागेवर ठेवत गेली. पाचच मिनिटं लागली. शेवटचा तुकडा बसला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्यात दुःखापेक्षा आनंद जास्त होता. कोडं सुटल्याचा आनंद.

४

"ते झाकण काढा," चिहारू म्हणाली.

चार वाजले होते. स्वयंपाकघरात सेइगो होता आणि त्याच्या शेजारी मोहेइ. आता लपवण्यासारखं काही नाही असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण झाकणाला कुणी हात लावेना. तिनेच काढलं.

आत गरम पाण्यात किटली पडली होती. एक बाजू उजळलेली, दुसरी काळी. भांड्याच्या तळाला अॅल्युमिनियमचा कागद अंथरलेला.

"खायचा सोडा घातलात ना? आणि मीठ. चांदीला लागलेलं गंधक हा कागद ओढून घेतो. थोडं वासाच्या रूपाने हवेत जातं. म्हणून खिडकी उघडी."

"मावशीचे चमचे असेच साफ करायचो आम्ही," सेइगो पुटपुटला.

"रेनकोटवाला कुणी नव्हताच. तुम्ही दोघांनी घाईत ठरवला, दिवस ठरवायचा राहिला."

"मी म्हटलं होतं बुधवार," मोहेइ म्हणाला.

"तू काही म्हटलं नव्हतंस."

"चोर कुणीच नाही." चिहारूला आता थांबवत नव्हतं. प्रयोगाचा निकाल वाचून दाखवावा तशी ती एकेक पायरी स्पष्ट, मोठ्याने सांगत गेली. "किटली विकायला नाही, वापरायला नेली. कुलूप न फोडता, नेहमीची गाठ परत मारून नेली. म्हणजे नेणारं माणूस एकच. दारापुढे पाणी शिंपडलं, खोली पुसली, फुलं मांडली, शेगडी पेटवली. सगळी तयारी ओरिहारा-सानची. फक्त त्या येणार शुक्रवारी आणि तयारी झाली मंगळवारी. आणि बारा वर्षांपूर्वी त्या उतरायच्या त्या खोलीत. तोकिए-साननी चोरी होऊ दिली नाही, त्यांनी स्वतः किटली नेली, आणि नेल्याचं त्यांना आठवत नाही. वार चुकला, वर्षंही चुकली. त्या विसरायला लागल्यात. तुम्हाला ते माहीत आहे. मोहेइ-सान, आज पहाटे नळ साफ करायला गेलात तेव्हा तुम्हाला ती खोली दिसली. फुलं टोपलीत टाकलीत, राख सारखी केलीत. पण दोन दिवस झऱ्याच्या वाफेत राहून किटली काळी पडली होती. ती तशी परत ठेवता येईना, म्हणून इथे आणलीत. बरोबर?"

मोहेइ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"चुकलं कुठे?"

"नाही हो," तो म्हणाला. "एवढंच की खोली मी मंगळवारीच पाहिली, उंबऱ्यावरून. किटली आत आहे हे आज कळलं."

"उद्या सकाळपर्यंत लख्ख झाली असती," सेइगो म्हणाला. "अंघोळीला जाताना तोकिए किल्ली मोहेइपाशी ठेवते. पेटीत ठेवून दिली असती. शुक्रवारी पेटी उघडली असतीत तर आत किटली असती, सूनबाई. शुक्रवारी."

"पण मला सांगायचं ना! हे किती दिवस चाललंय?"

सेइगोने हातातलं फडकं खाली ठेवलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या खांद्यावरून, मागच्या कागदी दाराकडे बघत होता.

चिहारू वळली. कागदावर दुपारच्या उजेडात एक सावली होती, गुडघे टेकून बसलेली, हात मांडीवर.

या घरात आतलं बोलणं चालू असताना वाढणारी बाई दार उघडत नाही. बाहेर बसते, वाक्य संपायची वाट बघते. चिहारूचं वाक्य पाव तास चाललं होतं.

५

दार शिकवल्याप्रमाणे उघडलं: आधी हाताएवढी फट, मग थांबणं, मग पूर्ण. तोकिए-साननी वाकून नमस्कार केला. शेजारी वापरलेल्या पेल्यांचं ताट होतं.

"झालं का बोलून, सूनबाई?"



"तोकिए," मोहेइ म्हणाला, "तसं काही नाही. सूनबाई आपल्या अंदाज बांधत होत्या."

"अंदाज नाही बांधत त्या. पायरीपायरीने सांगतात, कळतं लगेच." तोकिए-सान आत येऊन बसल्या. भांड्यातल्या किटलीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "मंगळवारी मी तिथे बसून राहिले असेन. पाहुणीची वाट बघत."

"थोडाच वेळ," मोहेइ म्हणाला.

"तुला नाही विचारत. सूनबाई सांगतील. त्या बरोबर सांगतात."

पाहुणे तीनला येतात. या दिवसांत अंधार पाचच्या आधी पडतो. चिहारूने हे मघाच मोजलेलं होतं. "दोन तास असतील," ती म्हणाली, आणि म्हणताना पहिल्यांदा तिला ते दोन तास दिसले: बंद इमारत, ओले दगड, आणि नीटनेटका किमोनो घालून उंबऱ्याशी बसलेली बाई.

"थंडी होती?"

"होती," मोहेइ म्हणाला. "तुझे हात गार पडले होते. मी म्हटलं, फोन आलाय, त्यांची गाडी चुकली."

"मग मी काय म्हटलं?"

"म्हणालीस, बिचारी दमून येईल, अंथरूण आधीच घालून ठेवते."

तोकिए-सान किंचित हसल्या. मग त्यांनी सेइगोला विचारलं, तो आढेवेढे घेत सांगत गेला. दोन वर्षं. प्रत्येक खोलीच्या ताटावर तो वेगळं पान ठेवायचा, मेपलचं वरच्या खोलीला, बांबूचं बागेकडच्या खोलीला, म्हणजे ताट चुकायचं नाही. मोहेइ वळणावरचा दिवा दुपारीच लावून ठेवायचा, कारण त्या वळणावर त्यांना डावं की उजवं कळेनासं व्हायचं. धुणंवाल्या बायका त्यांचे कमरपट्टे वारांच्या क्रमाने लावून द्यायच्या.

चिहारूने ती पानं रोज पाहिली होती. तिला ती सजावट वाटायची. वहीत तिने लिहूनही ठेवलं होतं: पानं, ऋतूप्रमाणे.

"मला वाटायचं माझं बरं चाललंय," तोकिए-सान म्हणाल्या. त्यांनी ताट उचललं, पेले धुवायला ठेवले, आणि कुणालाही न दुखवता निघून गेल्या.

संध्याकाळी चिहारू सासूबाईंपुढे जाऊन बसली. सगळं सांगून झालं, पण फुमिनोंना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"विसरते हे माहीत होतं. किटली कुठे आहे ते नव्हतं. पण पोलिसांचं उद्या बघू, असं मी का म्हटलं असेन?"

"मग मला का नाही कुणी सांगितलं?"

"आम्हाला वाटलं, तुला कळलं असेल," त्या म्हणाल्या. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही ना. तूही आमच्यासारखी गप्प आहेस असं धरून चाललो. कुणी विचारलं नाही. तिथेच आमचं चुकलं."

चिहारूला वाटलं, सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

६

शुक्रवारी तीन वाजता ओरिहारा-सान आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी. तोकिए-साननी नव्या इमारतीच्या दाराशी त्यांना उतरवून घेतलं, चपला वळवल्या, खोलीत नेऊन चहा केला. किटली अजून पुरती उजळली नव्हती. तोटीच्या मुळाशी एक करडा डाग राहिला होता. हात मात्र कुठे अडखळले नाहीत. ओरिहारा-साननी डाग पाहिला, पेला दोन्ही हातांनी उचलला, आणि यंदा पानं लवकर लाल झाली, असं म्हणाल्या.

मागे बसलेल्या चिहारूला त्यात आशा दिसली. बाहेर आल्यावर तिने ओसरीतच तोकिए-सानना गाठलं.

"बघा ना, सगळं जमतंय तुम्हाला! कशाला जायचं? आता सगळ्यांना माहीत आहे, उलट सोपं होईल. आपण पाट्या लावू, याद्या करू. मी करते याद्या."

"तुम्ही छानच कराल." तोकिए-साननी तिच्या कमरपट्ट्याची सुटलेली कड आत खोचली. "पण मला नाही जमणार आता. माहीत नव्हतं तोवर हात आपोआप चालत होते. आज त्या दारापाशी मी थांबले. हीच खोली ना, म्हणून. पाहुणी माझ्यामागे उभी, आणि मी दारापुढे थांबलेली. त्रेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"मी बोलायला नको होतं."

"नाही, खोटं काय बोललात?" त्या म्हणाल्या. "सगळं खरंच होतं."

दुसऱ्या कुणी हे टोमण्याने म्हटलं असतं. तोकिए-सान तसं म्हणत नव्हत्या, हेच जड गेलं.

७

ओरिहारा-सान शनिवारी दुपारी गेल्या. तीच खोली पुन्हा तयार करायला फुमिनोंनी सांगितलं. रविवारच्या बसने तोकिए-सान हिरोसाकीला जाणार होत्या. त्याआधी एक रात्र त्यांनी या घरात पाहुणी म्हणून राहावं, असं मालकिणीचं म्हणणं. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी या घरातलं पाहुण्यांचं एकही अंथरूण स्वतःसाठी घातलेलं नव्हतं.

तोकिए-साननी आधी नाही म्हटलं, मग नाही म्हटलं, मग मोहेइ म्हणाला, "कुंडाचं पाणी तुझ्यासाठी बेचाळीस अंशावर आणून ठेवलंय, ते काय मी पिऊ?" तेव्हा त्या हसल्या आणि गेल्या.

सेवेला चिहारू होती. तिने पाणी शिंपडलं, चपला वळवल्या, चहा केला. सेइगोने नऊ पदार्थांचं जेवण पाठवलं. तोकिए-सान प्रत्येक ताटाकडे दोन्ही हात मांडीवर ठेवून आधी बघायच्या, मग हळूच काड्या उचलायच्या. "हे इतकं गरम असतं होय!" सूप पिताना त्या म्हणाल्या. "मी आपली नेऊन ठेवायची, चव कधी माहीतच नव्हती."

रविवारी सकाळी आठला चिहारूने नाश्ता नेला: भाजलेला सॅमन मासा, गुंडाळलेलं ऑम्लेट, भात, मिसोचं सूप, खारवलेला प्लम. तोकिए-साननी सगळं चवीने खाल्लं, ऑम्लेटची दोनदा तारीफ केली. साडेआठला चिहारूने ताट उचललं, स्वतः धुतलं.

पावणेनऊला ती चहा घेऊन गेली तर तोकिए-सान टेबलाशी ताठ बसून होत्या, हात मांडीवर, समोरची जागा मोकळी.

"सूनबाई, घाई अशी नाही," त्या संकोचून म्हणाल्या, "पण नाश्ता यायचाय ना अजून? बस साडेदहाची आहे."

चिहारूच्या डोक्यात सगळं तयार होतं. आठ ते साडेआठ. पाच पदार्थ. प्लमची बी ताटाच्या डाव्या कडेला ठेवली होती. तिने तोंड उघडलं.

"आणते हं," ती म्हणाली. "आज जरा उशीर झाला. माफ करा."

स्वयंपाकघरात सेइगोने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि अंडी फोडायला घेतली. वीस मिनिटांनी तेच ताट, तसंच मांडलेलं, पुन्हा टेबलावर आलं.

तोकिए-साननी नमस्कार करून काड्या उचलल्या. भाताचे दोन घास घेतले, सूप घोटभर, ऑम्लेटचा एक तुकडा. मग काड्या खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा ओशाळला होता.

"काय झालंय कोण जाणे, भूकच नाही बघा आज," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सेइगोला वाईट वाटेल. त्याला सांगू नका हं."

"नाही सांगत," चिहारू म्हणाली.